सेकंड क्लास बॉयलर अटेंडंट परीक्षा: कोणता अनुभव धरतात, दाखला कसा घ्यायचा, तयारी कुठून धरायची?

सरकी_मिल_जळगाव

राम राम मंडळी. जळगाव एमआयडीसीत सरकीच्या तेलाच्या मिलमध्ये बॉयलरवर आहे. बॉयलर ३ टनी, तीन पासचा फायर ट्यूब (नळ्यांतून आगीचा गॅस, बाहेर पाणी), वर्किंग प्रेशर १०.५ किलो. जळण ब्रिकेटचं, त्यात शेंगांची टरफलं आणि पऱ्हाटीचा भुसा. शिफ्टला सेकंड क्लासचा अटेंडंट असतो, त्याच्या हाताखाली जळण, पाणी, ब्लोडाऊन (बॉयलरमधलं गाळ-क्षाराचं पाणी सोडणं), सॉफ्टनर (पाण्याचा कडकपणा काढणारं यंत्र) सगळं करतो. पण मस्टरवर हुद्दा ‘हेल्पर’ आणि हजेरी ठेकेदाराकडे. त्याआधी धुळ्याला थर्मिक फ्लुइड हीटर चालवत होतो. शिक्षण दहावी, आयटीआय नाही.

सेकंड क्लासच्या परीक्षेला बसायचं आहे. यातला कोणता अनुभव धरतात? दाखला कोणाकडून आणि कसा घ्यायचा? आणि तोंडीला नेमकं काय विचारतात? बॉयलर चालवता येतो, पण समोर साहेब बसले की कुठून सुरुवात करायची ते सुचत नाही.

बाष्पक_निदेशक

भाऊ, आधी कागद, मग अभ्यास. अभ्यास झाल्यावर कागद गोळा करायला निघालेली पोरं हमखास तारीख चुकवतात.

थर्मिक फ्लुइड हीटरचा अनुभव यात धरू नका. त्यात तेल गरम होऊन फिरतं, वाफ तयार होत नाही, म्हणून कायद्याच्या भाषेत तो बॉयलरच नाही. तीच गत ‘नॉन-आयबीआर’, म्हणजे बॉयलरच्या नियमांबाहेरचा, म्हणून विकल्या जाणाऱ्या छोट्या कॉइल टाइप स्टीम जनरेटरची. २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचं पात्र कायद्याच्या कक्षेबाहेर असतं, त्यामुळे त्यावर कितीही वर्षं काढली तरी तो नोंदणीकृत बॉयलरवरचा अनुभव होत नाही. १०० अंशांखालचं पाणी देणारा हॉट वॉटर जनरेटरही तसाच. म्हणजे धुळ्याचं काम बाजूला ठेवा आणि जळगावच्या बॉयलरवरच सगळा अर्ज उभा करा.

आता दाखला. तो ठेकेदाराच्या लेटरहेडवर घेऊ नका. बॉयलर ज्या कंपनीच्या नावावर नोंदलेला आहे तिच्या लेटरहेडवर घ्या, आणि सही मालकाची किंवा प्लँटच्या जबाबदार इंजिनिअरची हवी, हुद्द्यासह आणि शिक्क्यासह. अर्जासोबत दाखल्याचा ठरलेला नमुना दिलेला असेल तर तोच नमुना भरून घ्या, स्वतःच्या मनाचा मजकूर नको. दाखल्यात बॉयलरचा नोंदणी क्रमांक म्हणजे एमआर नंबर, बॉयलरचा प्रकार, हीटिंग सरफेस (आगीची उष्णता पाण्याला देणारं क्षेत्रफळ) चौरस मीटरमध्ये, वर्किंग प्रेशर, तुमचा हुद्दा, आणि कामाची तारीख ‘पासून – पर्यंत’ हे सगळं हवं. ‘गेली काही वर्षे बॉयलर विभागात समाधानकारक काम करीत आहेत’ असल्या वाक्याचा उपयोग शून्य. साहेबाला त्यातून ना बॉयलर कळतो ना कालावधी.

एमआर नंबर पाठ असेल तरी एकदा बॉयलरवर खोदलेला नंबर आणि फॉर्म सहा, म्हणजे बॉयलर वापरण्याचं सर्टिफिकेट, समोरासमोर ठेवून ताडून बघा. हीटिंग सरफेसचा आकडाही फॉर्म सहावरूनच उतरवा. कॅटलॉगमधला किंवा कंपनीच्या ब्रोशरमधला आकडा वेगळा निघाला की अर्ज परत येतो. फॉर्म सहा जास्तीत जास्त बारा महिन्यांचा असतो. तुमच्या अनुभवाच्या काळात मध्येच तो संपलेला असेल आणि नवा निघायला उशीर झालेला असेल, तर त्या काळात बॉयलर कायद्यानं बंदच असायला हवा होता, मग तुम्ही चालवत काय होता, असा प्रश्न उभा राहतो. म्हणून जुन्या सगळ्या सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स मागून घ्या.

‘हेल्पर’ या शब्दावर सगळ्यात जास्त अर्ज अडतात. परीक्षेला अनुभव लागतो तो बॉयलर चालवण्याच्या कामाचा, फायरमन किंवा सहायक म्हणून. दाखल्यात फायरमन आणि मस्टरमध्ये हेल्पर असं असेल तर दोन्ही कागद एकमेकांना खोटं पाडतात. आजच प्लँट इंजिनिअरांना भेटा आणि पुढच्या महिन्यापासून मस्टर, हजेरी आणि पगारपत्रक तिन्हीकडे ‘सहायक फायरमन’ असा हुद्दा लावून घ्या. मागच्या काळासाठी शिफ्टच्या लॉगबुकात तुमची सही असलेली पानं, पीएफचा आणि ईएसआयचा उतारा हे जोडा. लॉगबुकात फक्त अटेंडंटची सही होत असेल तर त्याच्या खाली तुमची सही आजपासून सुरू करा. तारखा मागे नेऊन दाखला लिहून घेण्याच्या फंदात पडू नका. पीएफचा उतारा ऑनलाइन दिसतो, आणि खोटा दाखला म्हणजे परीक्षेपुरती अडचण राहत नाही.

वय १८ पूर्ण हवं. अनुभव किती वर्षांचा, कोणत्या हुद्द्यावरचा आणि किती हीटिंग सरफेसच्या बॉयलरवरचा, ही अट बाष्पके संचालनालयाच्या परीक्षेच्या जाहिरातीत शब्दशः दिलेली असते. ती छापून घ्या आणि तुमच्या दाखल्याची एकेक ओळ तिच्याशी लावून बघा. मूळ चौकट केंद्राच्या बॉयलर अटेंडंट नियम २०११ ची आहे. १९२३ च्या कायद्याच्या जागी आता बॉयलर कायदा २०२५ आला आहे, त्यामुळे अर्जात किंवा उत्तरात कायद्याचं नाव लिहिताना जुन्या गाइडवरून उतरवू नका.

ज्या मुलांची नुकतीच दहावी झाली आहे त्यांनी हेही ध्यानात घ्यावं की बॉयलर अटेंडंट हा अप्रेंटिस कायद्याखालचा नेमलेला ट्रेड आहे. नोंदणीकृत करार करून अप्रेंटिस म्हणून लागलात तर पहिल्या दिवसापासून कागद पक्का राहतो, हेल्पर-फायरमनचा वादच येत नाही.

तापीकाठ_शिफ्ट_इन्चार्ज

कागदाचं वर सगळं आलं. मी तोंडी आणि प्रात्यक्षिकाचं लिहितो.

भाऊ, तोंडी परीक्षा जवळजवळ नेहमी पाण्याच्या काचेपासून सुरू होते आणि तिथंच निम्मा निकाल लागतो. त्यामुळे गेज ग्लास टेस्ट तोंडानं सांगता यायला हवी, हातानं करता यायला हवी, आणि प्रत्येक पायरीला ‘यातून काय कळलं’ हे जोडता यायला हवं.

काचेला तीन कॉक. वर स्टीम कॉक, खाली वॉटर कॉक, तळाला ड्रेन कॉक. चालू स्थितीत तिन्हींचे दांडे खाली लोंबतात. दांडा खाली म्हणजे स्टीम आणि वॉटर उघडे, ड्रेन बंद. असं का, हे विचारतातच. उत्तर असं की हादऱ्यानं दांडा सैल पडला तरी तो खालीच येणार, म्हणजे कॉक आपोआप चालू स्थितीतच राहणार.

टेस्ट करताना काचेसमोर उभं राहायचं नाही, बाजूला, आणि काचेवरचा गार्ड जागेवर. आधी ड्रेन उघडा, वाफ आणि पाणी दोन्ही जोरात निघेल. मग वॉटर कॉक बंद करा. आता नुसती वाफ यायला हवी, आली म्हणजे वरची वाट मोकळी. वॉटर कॉक परत उघडा, स्टीम कॉक बंद करा. आता पाणी यायला हवं, आलं म्हणजे खालची वाट मोकळी. स्टीम कॉक बंदच ठेवून ड्रेन बंद करा. पाणी चढत चढत काचेच्या वरच्या टोकाला जाईल. शेवटी स्टीम कॉक हळू उघडा, पाणी झपकन खाली येऊन खऱ्या पातळीवर थांबेल. दांडे तिन्ही खाली आहेत का बघा आणि दुसऱ्या काचेवर हेच करा. दोन्ही काचांची पातळी सारखी यायला हवी.

आता ‘का’ची बाजू. स्टीम कॉकची वाट तुंबली तर काचेतली वाफ थिजते, वर दाब राहत नाही आणि पाणी वर जाऊन बसतं. काच भरलेली दिसते, बॉयलरमध्ये मात्र पाणी कितीही कमी असू शकतं. वॉटर कॉकची वाट गाळानं तुंबली तर काचेतलं पाणी हलायचं थांबतं आणि वरून थिजणाऱ्या वाफेनं हळूहळू वाढत जातं. चालू बॉयलरच्या काचेत पाणी बारीक थरथरत असतं. ते अगदी स्थिर दिसलं की तिथंच शंका घ्यायची. खालची वाट जास्त तुंबते, कारण गाळ खाली बसतो. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याला तर फारच.

पुढचा ठरलेला प्रश्न: शिफ्टला आलात आणि काचेत पाणी दिसत नाही, काय कराल? पहिल्या वाक्यात ‘फीड पंप चालू करीन’ आलं की साहेब पान उलटतात. आधी पाणी काचेच्या वर गेलंय की खाली, हे ठरवायचं. ड्रेन क्षणभर उघडून बघा. ड्रेन बंद केल्यावर काच वरपर्यंत भरलेली राहिली आणि पाणी खाली उतरलंच नाही तर पातळी जास्त आहे. ती ब्लोडाऊननं कमी करता येते. काच रिकामी राहिली तर स्टीम कॉक बंद करून ड्रेन उघडून बंद करा. तरीही पाणी चढलं नाही तर पाणी खालच्या कॉकच्याही खाली गेलंय. मग जळण बंद, एफडी फॅन (हवा आत ढकलणारा) बंद, आयडी फॅन (धूर चिमणीकडे ओढणारा) चालू ठेवून फर्नेसमधला गॅस बाहेर जाऊ द्या. जाळीवरचा विस्तव ओल्या राखेनं दाबा, त्यावर पाणी मारू नका. मेन स्टॉप व्हॉल्व्ह हळू बंद करा. पाणी घालायचं नाही, सेफ्टी व्हॉल्व्ह उचलायचा नाही. उघड्या पडलेल्या गरम नळ्यांवर आणि फर्नेसच्या माथ्यावर थंड पाणी पडलं की एकदम वाफ होते, धातू आखडतो आणि नळ्या ट्यूब प्लेटमधून सुटतात. सेफ्टी उचलली तर दाब झटक्यात उतरतो, उरलेलं पाणी उसळतं आणि पातळी आणखी खाली जाते. बॉयलर आपोआप थंड होऊ द्यायचा, मग आतून तपासणी. इंजिनिअरला कळवणं हा उत्तराचा भाग आहे, तो विसरू नका.

तुमच्या बॉयलरला मोब्री, म्हणजे पाण्याच्या पातळीवर फ्लोटनं चालणारी स्विच, असणारच. तिचं काम दोन टप्प्यांत सांगा. नेहमीच्या चढउतारात ती फीड पंप चालू-बंद करते. पाणी आणखी खाली गेलं तर आधी अलार्म, मग फॅन आणि जळण ट्रिप. तिच्या चेंबरमध्येही गाळ बसून फ्लोट अडकतो, म्हणून दर शिफ्टला चेंबर ब्लोडाऊन करून अलार्म खरंच वाजतो का ते ऐकायचं. पाच-सहा मिनिटांचं काम आहे, पण बहुतेक ठिकाणी लॉगबुकात टिक असते आणि व्हॉल्व्हचं चाक गंजून घट्ट बसलेलं असतं. परीक्षेत कोणी चाकाला हात लावायला सांगितलं तर कळतं कोण काय करतं ते.

प्रेशर गेजच्या खाली वाकवलेली सायफन नळी का, हेही विचारतात. त्यात पाणी साठून राहतं आणि गरम वाफ थेट बोर्डन नळीत जात नाही. गेजवरची लाल रेघ वर्किंग प्रेशरला. सेफ्टी व्हॉल्व्ह दोन, पाण्याच्या काचा दोन, पाणी घालायची साधनं दोन. ‘दोन का’ याचं उत्तर प्रत्येकाच्या बाबतीत तयार ठेवा.

आणि बोलताना एक करा. ‘असं असतं’ असं न सांगता ‘आमच्या बॉयलरला हे इथं आहे’ असं सांगा. स्वतःच्या बॉयलरचं एक रेखाचित्र काढा, फीड टँकपासून चिमणीपर्यंत, प्रत्येक व्हॉल्व्ह त्यावर लिहा. तोंडीला सुरुवात कुठून करायची हा प्रश्नच राहणार नाही, कारण पाणी जिथून आत येतं तिथून सुरुवात करायची आणि वाफ जिथून बाहेर जाते तिथं थांबायचं.

सरकी_मिल_जळगाव

ताई, दादा, फार आभारी आहे. हुद्द्याचं उद्याच बोलतो. एमआर नंबर आणि फॉर्म सहा ताडून पाहिला, जुळतो.

गणितं कुठल्या तऱ्हेची येतात? ‘फ्रॉम अँड ॲट’ आणि ब्लोडाऊनची टक्केवारी गाइडमध्ये वाचली, पण सूत्र पाठ होतं आणि डोक्यात उतरत नाही. आमच्याकडे पाणी बोअरचं आहे, उन्हाळ्यात सॉफ्टनर शिफ्टमध्येच संपतो.

शिरपूर_युटिलिटी

सूत्र पाठ करू नका, तुमच्याच बॉयलरवर मांडा.

प्लेटवर ३ टन लिहिलंय ते ‘फ्रॉम अँड ॲट १००’. म्हणजे १०० अंशांचं पाणी घेऊन १०० अंशांची वाफ करायची, किलोला सुमारे ५४० किलोकॅलरी. प्रत्यक्षात पाणी ३० अंशांचं आणि वाफ १०.५ किलो दाबाची. त्या दाबाच्या वाफेत किलोमागे सुमारे ६६४ किलोकॅलरी असतात. त्यातून पाण्यातले ३० वजा करा, उरले ६३४. तीन हजाराला ५४० नं गुणून ६३४ नं भागा, आले सुमारे २५५० किलो. म्हणजे ३ टनी बॉयलर थंड पाण्यावर अडीच टनच वाफ देणार. तेच फीड वॉटर कंडेन्सेट (वाफ थिजून झालेलं गरम पाणी) परत आणून ९० अंशांवर नेलं तर ५७४ नं भागायचं, सुमारे २८२० किलो. प्रॉडक्शनवाले ‘बॉयलर वाफ देत नाही’ म्हणून ओरडतात तेव्हा आधी फीड टँकचं तापमान बघायचं ते यासाठी. फीड वॉटर ६ अंशांनी वाढलं की जळणात सुमारे १ टक्का बचत, हा आकडा लक्षात ठेवा. उलट्या बाजूनं, चिमणीचं तापमान २२ अंशांनी वाढलं की कार्यक्षमता सुमारे १ टक्क्यानं घसरते. ब्रिकेटवर ते काजळीनं वाढतं, नळ्या ब्रश केल्या की खाली येतं.

कार्यक्षमतेचं गणित असं येतं: तासाला १५०० किलो वाफ, ८ किलो दाब, वाफेची उष्णता ६६२, फीड वॉटर ६० अंश, जळण तासाला ३३० किलो, उष्मांक ३८००. वाफेनं घेतलेली उष्णता १५०० × ६०२ म्हणजे ९,०३,०००. जळणानं दिलेली ३३० × ३८०० म्हणजे १२,५४,०००. भागाकार ७२ टक्के. यात पोरं कुठं घसरतात? ६६२ मधून ६० वजा करायला विसरतात आणि उत्तर ७९ टक्के काढतात. दुसरी घसरगुंडी म्हणजे टन आणि किलो एकाच ओळीत मिसळणं.

पाण्याचं. सॉफ्टनर कडकपणा काढतो, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कमी करत नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतो, विरघळलेला क्षार जवळजवळ तेवढाच राहतो. हा प्रश्न तोंडीला हमखास येतो. म्हणून सॉफ्टनर असला तरी ब्लोडाऊन लागतोच.

ब्लोडाऊन किती? फीड वॉटरचा टीडीएस १५०, बॉयलरमध्ये चालणारी कमाल पातळी ३५०० धरू. १५० भागिले ३५०० वजा १५०, म्हणजे १५० भागिले ३३५०, साडेचार टक्के. फीडचा टीडीएस ६०० असला तर ६०० भागिले २९००, थेट साडेवीस टक्क्यांच्या वर. म्हणजे शंभर किलो वाफेमागे वीस किलो गरम पाणी नाल्यात. आपल्या भागात बोअरचा टीडीएस एवढा सहज असतो, म्हणून कंडेन्सेट परत आणायचं महत्त्व इथं नदीच्या पाण्यावरच्या कारखान्यापेक्षा जास्त. ब्लोडाऊन कमी केला तर फेस येतो, वाफेबरोबर पाणी जातं, ट्रॅप आणि कुकरच्या कॉइलमध्ये क्षार बसतो. जास्त केला तर जळण वाया. ब्लोडाऊन नेहमी थोडा थोडा, लोड कमी असताना, काचेवर नजर ठेवून. व्हॉल्व्ह उघडा सोडून दुसऱ्या कामाला जायचं नाही, हे उत्तरात स्पष्ट म्हणा.

सॉफ्टनर शिफ्टमध्ये का संपतो तेही काढून दाखवतो. सॉफ्टनरमधलं रेझिन (कडकपणा धरणारे दाणे) १०० लिटर, लिटरमागे ५० ग्रॅम कडकपणा धरतं असं धरलं तर एका रिजनरेशनमध्ये (मिठाच्या पाण्यानं रेझिन पुन्हा ताजं करणं) ५००० ग्रॅम. पाण्याचा कडकपणा ४०० पीपीएम म्हणजे लिटरला ०.४ ग्रॅम. ५००० भागिले ०.४, साडेबारा हजार लिटर. कंडेन्सेट परत येत नसेल तर अडीच टन वाफेला पाच तासांत संपला. पावसाळ्यानंतर कडकपणा २५० वर आला की तेच रेझिन वीस हजार लिटर देतं. म्हणून ‘दर शिफ्टला एकदा रिजनरेशन’ असा नियम लावू नका, दर दोन तासांनी टेस्ट किटवर सॉफ्ट पाणी तपासा आणि ५ पीपीएमच्या वर गेलं की लगेच रिजनरेशन लावा. मीठ भरपूर टाकलं आणि रिन्स अर्धवट केलं तर खारट पाणी फीड टँकमध्ये जातं आणि टीडीएस एका रात्रीत वर चढतो.

कडक पाणी एकदोन दिवस जरी आत गेलं तरी खपली पहिल्यांदा फर्नेसच्या सगळ्यात तापणाऱ्या भागावर बसते. खपलीमुळे उष्णता पाण्यात जात नाही, धातूच तापतो, मऊ पडतो आणि फुगतो. चिमणीचं तापमान वाढण्याच्या आधी नुकसान झालेलं असू शकतं. फीड वॉटरचा पीएच ८.५ ते ९.५, बॉयलरच्या पाण्याचा साधारण ११, हे लॉगबुकात रोज दिसायला हवं. सोडियम सल्फाइट ऑक्सिजन ओढून घेतं, फॉस्फेट उरलेला कडकपणा गाळाच्या रूपात खाली बसवतं, आणि तो गाळ ब्लोडाऊननं जातो. केमिकलचं कंपनीचं नाव सांगू नका, काम सांगा.

शहादा_बगॅस_हाऊस

साखर कारखान्यातली मंडळी हा धागा वाचत असतील तर थोडं त्यांच्यासाठी. सेकंड क्लासला हीटिंग सरफेसची मर्यादा आहे. कारखान्याचे वॉटर ट्यूब बॉयलर (नळ्यांत पाणी, बाहेर आग) त्या मर्यादेच्या फार पुढे असतात, तिथं फर्स्ट क्लास लागतो. एकूण हीटिंग सरफेस १००० चौरस मीटरच्या वर गेलं की बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर लागतो, आणि ती परीक्षा डिग्री-डिप्लोमावाल्यांची. दीपनगरसारख्या वीज केंद्रात जायचं मनात असेल तर रस्ता तिकडून आहे.

फर्स्ट क्लासच्या तोंडीत सुपरहीटर, म्हणजे तयार वाफ आणखी तापवणारी कॉइल, येतोच. लाइट-अप करताना सुपरहीटरचा व्हेंट आणि ड्रेन उघडा का ठेवायचा? कॉइलमधून वाफ वाहत नसेल तर तिला थंड ठेवणारं काहीच नसतं, बाहेरून गॅस मात्र तापलेला. सुपरहीटरवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ड्रमवरच्यापेक्षा कमी दाबाला लावतात, तेही याच कारणानं. तो आधी उचलला की वाफ कॉइलमधूनच बाहेर पडते. ड्रमवरचा आधी उचलला तर कॉइल उपाशी राहते.

अक्युम्युलेशन टेस्टचे (सेफ्टी व्हॉल्व्ह सगळी वाफ सोडू शकतात का, याच्या चाचणीचे) आकडे पाठ ठेवा. पूर्ण आग, स्टॉप व्हॉल्व्ह बंद, फायर ट्यूबला १५ मिनिटं, वॉटर ट्यूबला ७, आणि दाब १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढता कामा नये. ज्या बॉयलरला या टेस्टनं सुपरहीटर जळायची भीती आहे तिथं ती घेत नाहीत, व्हॉल्व्हची क्षमता हिशेबानं दाखवतात.

बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चिपाडात, सुमारे ५० टक्के ओल असते आणि उष्मांक २२५० च्या आसपास. मिल थांबली, पाऊस लागला, बगॅस ओला आला की प्रेशर आधी पडतं. तेव्हा नुसती हवा वाढवून भागत नाही, आग विझते. पऱ्हाटी आणि टरफलं जाळणाऱ्यांची अडचण वेगळी. त्यांच्या राखेत पोटॅश जास्त, वर शेतातून आलेली माती-वाळू, त्यामुळे राख लवकर वितळते आणि जाळीवर क्लिंकर धरतो. क्लिंकरनं हवेची भोकं बुजतात, आग एका बाजूला सरकते. ढेकूळ लहान असतानाच काढायचं, दार फार वेळ उघडं ठेवायचं नाही.

सीझन संपल्यावर बॉयलर कसा ठेवायचा, हा आपल्या भागातल्या परीक्षार्थींनी विशेष तयार करावा. महिनोन्‌महिने बंद राहणार असेल तर कोरडी पद्धत: पूर्ण रिकामा, आतून साफ, मंद आचेनं वाळवलेला, कळीचा चुना किंवा सिलिका जेल ट्रेमध्ये ठेवून सगळी मॅनहोल बंद, आणि चुना फुगला की बदलायचा. थोड्या दिवसांसाठी ओली पद्धत: अगदी वरपर्यंत पाणी भरून, सल्फाइट आणि कॉस्टिक घालून, हवा राहणार नाही असं बंद. अर्धवट पाणी ठेवून सोडून देणं सगळ्यात वाईट. पाण्याच्या रेषेवरच गंजाचे खड्डे पडतात. चुन्याचे ट्रे बाहेर काढल्याशिवाय पाणी भरायचं नाही, त्यांची मोजणी लॉगबुकात लिहून ठेवायची.

सरकी_मिल_जळगाव

शेवटचा एक. लाइट गेल्यावर काय करायचं, यावर आमच्या शिफ्टमध्येच दोन मतं आहेत. एक म्हणतो दार उघडून आग ओढून काढ, दुसरा म्हणतो दाराला हातच लावू नको. परीक्षेत काय सांगायचं?

तापीकाठ_शिफ्ट_इन्चार्ज

दाराला हात लावू नको म्हणणारा बरोबर आहे, निदान पहिल्या काही मिनिटांसाठी.

तेलावरचा किंवा गॅसवरचा बॉयलर लाइट जाताच विझतो. ब्रिकेटचा विझत नाही, जाळीवरचं जळण जळत राहतं. आयडी, एफडी आणि फीड पंप तिन्ही एकदम थांबतात, त्यामुळे तीन गोष्टी एकाच वेळी घडतात: फर्नेसमध्ये ओढ राहत नाही, न जळलेला गॅस साठतो, आणि पाणी आत येणं थांबतं. या वेळी दार उघडलं की बाहेरची हवा आत जाते, साठलेला गॅस पेटतो आणि ज्वाळा दारातून तोंडावर येते.

म्हणून क्रम असा सांगा. दारासमोरून बाजूला व्हा. जळण टाकणं बंद. चिमणीकडचा डॅम्पर पूर्ण उघडा, म्हणजे चिमणीच्या स्वतःच्या ओढीनं गॅस वर जात राहील. एफडीचा डॅम्पर आणि राखेच्या खणाचं दार बंद, म्हणजे खालून हवा मिळणार नाही आणि आग मंदावेल. लगेच काचेवर नजर. वाफ वापरणाऱ्यांना फोन करून लोड उतरवायला सांगा आणि पाणी खाली जायला लागलं की स्टॉप व्हॉल्व्ह हळू बंद करा. दाब वाढून सेफ्टी उचलली तर उचलू द्या, ती त्यासाठीच आहे, पण प्रत्येक वेळी उचलताना पाणी कमी होतं हे लक्षात ठेवा.

पाणी घालायचं दुसरं साधन इथं कामाला येतं, वाफेवर चालणारा पंप किंवा इंजेक्टर. इंजेक्टरबद्दल उपप्रश्न ठरलेला आहे: फीड टँकचं पाणी ८०–९० अंशांवर असेल तर तो पाणी उचलत नाही, कारण आतली वाफ थिजवायला थंड पाणी लागतं. त्यासाठी थंड सॉफ्ट पाण्याच्या टाकीतून वेगळी लाइन हवी. तुमच्याकडे इंजेक्टर असेल तर ती लाइन आहे का आणि तिचा व्हॉल्व्ह फिरतो का, ते आजच बघा.

डीजी (डिझेल जनरेटर) सुरू झाल्यावर आधी आयडी, दोन-तीन मिनिटं नुसता तोच चालू ठेवून फर्नेस साफ होऊ द्या. पाणी काचेत दिसत असेल तरच फीड पंप. त्यानंतर एफडी, डॅम्पर थोडा थोडा उघडत, फर्नेसमध्ये पाण्याच्या स्तंभाचे २ ते ५ मिलिमीटर एवढी उणी ओढ राखून. जळण सगळ्यात शेवटी. आणि डीजी सेटच्या पॅनलवर आयडी आणि फीड पंप खरंच जोडलेले आहेत का, दोन्ही मोटर एकापाठोपाठ उचलायची त्याची ताकद आहे का, हे इलेक्ट्रिशियनला घेऊन लोड बंद असताना एकदा चालवून बघा. बऱ्याच मिलमध्ये डीजीवर ऑफिसचे दिवे आणि वजनकाटा जोडलेला असतो, आयडी फॅन नसतो.